सायीचा की मोतिया?

लोणावळ्यात घर रंगवायचे तर पावसाळ्याआधीच. वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतीत ओल राहिली तर कितीही महाग रंग लावा, पोपडे निघतातच. म्हणून यंदा रमजान ईदच्या आधीच अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, खोली रंगवायला काढली.

शेड कार्डावर शेवटी दोनच रंग उरले. एक पिवळसर झाकेचा, सायीसारखा. दुसरा किंचित करडा, मोतिया. मुलीला मोतिया हवा होता. आमचे हे म्हणाले, "दोन्ही पांढरेच, फरक काय?"

रंगारीभाईंनी सल्ला दिला, "मॅडम, कार्डावर ठरवू नका, भिंतीवर लावून बघा." दोन्हींचे लहान डबे आणले. प्राइमरवर दोन-दोन फुटांचे चौकोन, प्रत्येकी दोन हात. ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो.

अम्मींची खिडकी उत्तरेला आहे. तिथे थेट ऊन येत नाही; आभाळाचा निळसर उजेड तेवढा येतो. त्यात मोतिया राखेसारखा दिसला आणि सायीचा रंग उबदार. रात्री ट्यूबलाइटमध्ये दोघांतला फरक जवळजवळ मिटला. पिवळा दिवा लावला तर सायीचा आणखी पिवळा झाला. भिंतीवर पडलेल्या उजेडातला जो भाग परत येतो, तोच आपल्याला रंग म्हणून दिसतो. उजेड बदलला की रंगही बदलणारच. आमच्याकडे तर पावसाळ्यात दिवसभर ढग आणि धुके. तेव्हा सायीचाच बरा, असे ठरले.

मग अम्मींना विचारले. खरे तर आधी त्यांनाच विचारायला हवे होते. त्या म्हणाल्या, "बेटा, मला दोन्ही सारखेच दिसतात. दिव्याचं बटन मात्र सापडत नाही."

पांढऱ्या भिंतीवर पांढरा बोर्ड! गेल्याच महिन्यात पहाटे वजूला उठताना चौकटीवर त्यांचा खांदा आपटला होता. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होते, फिकट रंगांतला फरक कळेनासा होतो. गडद-फिकट फरक असेल तर वस्तू पटकन ओळखू येते.

भिंती सायीच्याच केल्या. पण चौकट गडद हिरवी आणि बोर्डाभोवती त्याच रंगाचा चार बोटे रुंद पट्टा. आता पहाटे अम्मी मला हाक मारत नाहीत, स्वतःच दिवा लावतात.

भगिनींनो, रंग निवडताना नमुना भिंतीवर लावा, सकाळी, दुपारी, रात्री पाहा. आणि त्या खोलीत जे राहणार, त्यांना आधी विचारा.