गोळ्या बदलल्या, अडथळा तसाच राहिला

१९३५ मध्ये सल्फा औषधं जगापुढे आली आणि लघवीच्या जंतुसंसर्गावर बऱ्यापैकी भरवशाचा इलाज पहिल्यांदाच डॉक्टरांच्या हाती आला. १९५३ मध्ये नायट्रोफ्युरंटॉइन, साठच्या दशकात नॅलिडिक्सिक ॲसिड आणि को-ट्रायमॉक्साझोल, ऐंशीच्या दशकात नॉरफ्लॉक्सासिन व सिप्रोफ्लॉक्सासिन अशी मालिका पुढे चालू राहिली. प्रत्येक औषधाने सुरुवातीला कमाल केली, मग जंतू त्याला सरावले. शेवटी १ मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक्सच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवण्याचं बंधन औषध दुकानांवर घालावं लागलं. या नव्वद वर्षांकडे मागे वळून पाहिलं, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जंतू मारण्यात आपण जेवढी शक्ती खर्च केली, तेवढं लक्ष पुरुषांच्या बाबतीत मूळ दुखण्याकडे, म्हणजे अडलेल्या लघवीकडे, दिलं नाही.

पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण वीस सेंटीमीटर लांब, तर स्त्रीचा जेमतेम चार. त्यामुळे तरुण पुरुषाला असा संसर्ग सहसा होत नाही, आणि झालाच तर कारण शोधावं लागतं. पन्नाशीनंतर चित्र पालटतं. प्रोस्टेट वाढते, धार बारीक होते, थांबून थांबून येते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि तळाशी साचलेल्या लघवीत जंतूंना वाढायला निवांत जागा मिळते. मुतखडा, आकुंचलेला मूत्रमार्ग, मधुमेह, लघवीसाठी जास्त दिवस ठेवलेली नळी ही कारणंही याच वाटेने जातात. नळी घातल्यावर दर दिवसागणिक साधारण तीन ते सात टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. म्हणून ‘नळीची गरज अजून आहे का’ हे रोज विचारणं हा प्रतिबंधाचाच भाग आहे.

कोल्हापुरात या प्रश्नाला कामाची जोड आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत भट्टीपुढे उभा असलेला कामगार किंवा हंगामात गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालणारा गडी घामातून भरपूर पाणी गमावतो. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, जळजळते. लोक म्हणतात, ‘उन्हाळी लागली.’ पुष्कळदा ते खरंही असतं आणि पाणी वाढवलं की त्रास थांबतो. पण तीच अवस्था वर्षानुवर्षं राहिली तर मुतखड्याला आमंत्रण मिळतं. कारखान्यात पिण्याचं पाणी आणि मुताऱ्या हव्यात, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच सांगितलं होतं. तेव्हा ‘पाणी प्या’ हा सल्ला कामगारालाच देऊन मालकाला हात झटकता येणार नाहीत.

यावर कोणी म्हणेल, दोष पंचगंगेच्या पाण्याचा आहे. नदीचं प्रदूषण खरं आहे, २०१२ मध्ये इचलकरंजीत कावीळ पसरली ती दूषित पाण्यातूनच. पण लघवीच्या संसर्गाचे जंतू बहुधा स्वतःच्याच आतड्यातले असतात, पाण्यातून आलेले नसतात. नदी शुद्ध झाली तर कावीळ, जुलाब कमी होतील, पण प्रोस्टेटचा अडथळा हटणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अँटिबायोटिकवर बोट ठेवलं तर रुग्ण उशीर करेल आणि संसर्ग रक्तात जाईल. ही भीती रास्त आहे. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखणं, लघवी पूर्ण तुंबणं यांत एक तासही घालवू नये. मात्र ताप नसताना दुकानातून मागच्या वेळची गोळी आणून दोन दिवस घेणं हा उपाय नव्हे. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी सुरुवातीची धार सोडून मधल्या लघवीचा नमुना कल्चरला द्यावा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणतं औषध लागू पडेल हे त्यातून कळतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ताप नसलेल्या पुरुषांना सात दिवसांचा कोर्स चौदा दिवसांइतकाच पुरल्याचं दिसलं. काहीही त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून औषध घ्यायचं नसतं, याला अपवाद मोजकेच.

राहिला लाजेचा प्रश्न. पन्नाशीतला माणूस गुडघ्याचं दुखणं चौकात सांगतो, पण लघवी तुंबेपर्यंत घरातही बोलत नाही. वय झालं की असं व्हायचंच, ही समजूत त्याला साथ देते. वय टाळता येत नाही, पण अडथळा औषधांनी किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने दूर करता येतो. लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते, हे साध्या सोनोग्राफीत कळतं. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला विनंती आहे: लघवी दाबून ठेवू नका, हृदय व मूत्रपिंडाचा आजार नसेल तर पाणी पुरेसं प्या, साखर तपासा, आणि धार बारीक झाली की गोळी विचारण्याआधी डॉक्टरांना तिचं कारण विचारा.