जुन्या गाडीला घरची जाळी

मार्च लागला की यवतमाळात पत्र्याच्या कूलरच्या बॉड्या रस्त्याकडेला रचलेल्या दिसतात आणि कारागीर दारांमध्ये वुडवूल भरत बसतात. ते फार दाबून भरलं की पंखा नुसता घोंगावतो, खोली काही गार होत नाही. जुन्या मोटारीची पुढची जाळी घरी करायची असेल, तर पहिला धडा या कारागिराकडूनच घ्यावा. जाळी हा गाडीचा चेहरा खरा, पण रेडिएटर श्वास घेतो तो तिच्यातूनच.

हा छंद मुळात अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड घेत, मडगार्डं उतरवून त्या हलक्या करत, इंजिन सुधारत आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवत. याच हॉट रॉड. १९३२ ची फोर्ड सगळ्यांची लाडकी, कारण सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन त्या वर्षी आलं. तिच्या रेडिएटरभोवतीच्या कवचात बारीक उभ्या सळ्यांची जाळी असते. कवच तेच ठेवून आतली जाळी आपल्या हातानं घडवायची, हा हॉट रॉडवाल्यांचा आवडता उद्योग.

आपल्याकडे तो मान जीपचा. १९४१ च्या सुरुवातीच्या विलीज जीपची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. फोर्डनं तीच एका पत्र्यातून ठोकून काढली. ती हलकी आणि स्वस्त पडली, म्हणून विलीजनंही उचलली. महिंद्रानं १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्याच घराण्यातली महिंद्राची रॉक्सर अमेरिकेत गेली, तेव्हा २०१८ मध्ये जीपच्या मालक कंपनीनं तिच्या जीपसारख्या रूपावर हरकत घेतली आणि महिंद्राला गाडीचं तोंड बदलावं लागलं. सांगलीतल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जीपच्या धाटणीची छोटी गाडी उभी केली. २०२२ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. हाताला असा मान मिळाला की आनंद होतो.

आता काम. पुढचं तोंड आधी पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. जुन्या गाडीच्या दोन्ही बाजू सहसा सारख्या नसतात, म्हणून अर्धा पुठ्ठा कापून उलटवू नका, पूर्णच कापा. मग हवेचा हिशेब. ६ मिलिमीटर भोकांचा, ९ मिलिमीटर अंतरावर भोकं असलेला जाळीदार पत्रा दिसायला मोकळा वाटतो, पण हवेला जेमतेम ४० टक्के वाट देतो. ५ मिलिमीटरच्या सळ्या मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिलिमीटरवर लावल्या, तर जवळपास ६९ टक्के जागा मोकळी राहते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो त्या गावात हा फरक इंजिनाला कळतो. मी सळ्यांच्याच बाजूचा आहे. कापसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारा कापूस बारीक जाळीत अडकून बसतो, हेही एक कारण.

६०० मिलिमीटर रुंद तोंडाला सदतीसेक सळ्या लागतात. वरची आणि खालची पट्टी एकावर एक ठेवून क्लॅम्पनं आवळायची आणि दोन्हींना एकाच वेळी ड्रिल मारायचं. खरी मेख इथेच आहे. भोकं वेगवेगळी पाडली तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक पुढे साचत जातो आणि शेवटची सळी तिरकी उभी राहते. डोळा तीच सळी आधी पकडतो.

स्टेनलेस घ्या, गंजाची कटकट राहत नाही. पण तापल्यावर ते साध्या लोखंडाच्या जवळपास दीडपट पसरतं. म्हणून आर्गन वेल्डिंगचे टाके मागच्या बाजूनं, मधल्या सळीपासून सुरू करून एक डावीकडे, एक उजवीकडे असे घालायचे आणि मध्ये गार होऊ द्यायचं. घाई केली की चौकट पिळते. लोहारा एमआयडीसीतला किंवा आर्णी रोडवरचा चांगला वेल्डर हे सहज करतो. त्याला फक्त नकाशा नीट द्या. शेवटी बफिंग करा आणि मागच्या रेडिएटरला मॅट काळ्या रंगाचा पातळ हात द्या, म्हणजे सळ्या उठून दिसतील.

गाडीला नवीन भोक मात्र पाडू नका. जाळी जुन्याच बोल्टांवर, रबरी वायसर घालून बसवा, म्हणजे काढून धुताही येते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. ॲम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. तिची मूळ जाळी आता भंगार बाजारात नशीब असेल तर सापडते. तेव्हा काढलेली जाळी, वाकडी असली तरी, तेल लावून गोणपाटात गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका.