परसातील पूरक घरे आणि इमारत संहिता अपील (कॅलिफोर्निया)

स्थानिक अपील मंडळ हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात शहर किंवा काउंटी पातळीवर इमारत संहितेविषयीची अपिले ऐकणारे मंडळ आहे. स्वतंत्र मंडळ नसेल तेथे शहराची वा काउंटीची नियामक सभाच हे काम करते. मुख्य घराच्या परसात बांधलेल्या पूरक घरांसंबंधीची (एडीयू) तांत्रिक अपिलेही या मंडळापुढे येतात.

अधिकारकक्षा

घर असलेल्या भूखंडावरील पूरक घराच्या परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत, जाहीर सुनावणीविना निर्णय देणे बंधनकारक आहे. त्यामुळे शेजाऱ्यांची पसंती-नापसंती हा अपिलाचा विषय ठरत नाही. राज्याची संहिता ज्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेवर आधारलेली आहे, तिच्यात अपिलाचे तीन आधार सांगितले आहेत :

* संहितेचा चुकीचा अर्थ लावला जाणे
* तरतूद पूर्णतः लागू नसणे
* प्रस्तावित पर्याय तितकाच किंवा अधिक चांगला असणे

अट माफ करण्याचा अधिकार मंडळास नसतो. उदाहरणार्थ, शयनगृहातील आपत्कालीन खिडकीचा उंबरा फरशीपासून ४४ इंचांपेक्षा उंच असल्यास केवळ खर्चाचे कारण पुरत नाही. समतुल्य सुरक्षितता सिद्ध करावी लागते.

विनापरवाना घरे

अपील फेटाळले गेल्यास जुन्या विनापरवाना घरातील भाडेकरूंना निवारा गमवावा लागू शकतो. २०१९ च्या कायद्यानुसार, १ जानेवारी २०२० पूर्वी बांधलेल्या पूरक घराचा मालक कारवाई ५ वर्षे लांबणीवर टाकण्याची विनंती करू शकतो. आरोग्य व सुरक्षिततेसाठी आवश्यक दुरुस्त्यांना मात्र ही सवलत मिळत नाही.