दोर कोठे अडकवावा?

उंचीवर काम करणाऱ्या कामगाराच्या अंगावर सुरक्षा-पट्टा दिसला की देखरेख करणारा बहुधा निश्चिंत होतो. पट्ट्याचा दोर कोठे अडकविला आहे याची चौकशी मात्र क्वचितच होते. वस्तुतः पडणाऱ्या मनुष्याचा सर्व भार अखेर त्याच जागेवर येतो. बांधकामावर तीस 'अँकर' म्हणतात. येथे आपण बंधस्थान म्हणू.

जे माणसाचे वजन पेलते ते पुरेसे बळकट, ही समजूत घातक होय. हत्यारांसह १०० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य १.८ मीटर पडून पुढील १० सेंटिमीटरांत थांबला, तर बंधस्थानावरील सरासरी ओढ सुमारे १,९०० किलोग्रॅम वजनाइतकी होते. क्षणिक ओढ त्याहूनही अधिक. आघातशोषक दोरामुळे हेच थांबणे एक मीटरात घडले, तर ती २८० वर उतरते. तरीही अमेरिकेचे संघराज्य नियम दर कामगारामागे ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलोग्रॅम, सोसणारे बंधस्थान मागतात. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आखलेल्या व्यवस्थेस मात्र अपेक्षित ओढीच्या दुप्पट बळ ते पुरेसे मानतात. जेथे असा हिशेब झालेला नाही, तेथे मोठे मापच धरावे हे उचित.

कारखान्याचे पत्र्याचे छप्पर घ्या. तेथे हाताशी येतात त्या पाण्याचा नळ, विजेच्या तारांची नळी, कठडा आणि पत्रा आवळणारा हूक-बोल्ट. नळास दोर अडकवून निर्धास्तपणे वावरणारे लोक प्रस्तुत लेखकाने एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. यांपैकी एकही वस्तू असा हिसका सोसण्यासाठी बसविलेली नसते. पातळ पत्र्याची पर्लिनही आडव्या ओढीने पिळवटू शकते. त्यापेक्षा कैचीचा सांधा पुष्कळ बरा. परंतु रंगाखाली गंज नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे.

जागेची उंचीही तितकीच महत्त्वाची. पाठीवरील कडीच्या पातळीत बांधलेला १.८ मीटरांचा दोर तेवढेच पडू देतो. तोच पायांशी बांधल्यास पतन सुमारे ३.३ मीटर होते. बंधस्थान दूर एका बाजूस असेल तर मनुष्य लंबकासारखा झोके घेऊन खांबावर आदळतो.

शिवाय दोर, शोषकाचा ताण, कडीपासून पायांपर्यंतची उंची आणि थोडी शिल्लक धरता बंधस्थानाखाली पाच मीटरांहून अधिक मोकळी जागा लागते. ठेंगण्या शेडमध्ये ती मिळत नाही. तेथे मुळात कडेपर्यंत पोहोचूच न देणारा आखूड दोर वापरावा लागतो.