लेकीकडे निघताना घड्याळाचा हिशोब

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या आया आता छोट्या गावांतही दिसतात. डिंकाचे लाडू, मेथ्या, बाळाची झबली, सगळं आठवणीनं बॅगेत जातं. पण प्रवास नेमका किती तासांचा, असं विचारलं की बोट मुलाकडे!

मैत्रिणींनो, हा हिशोब अवघड नाही बरं का. मुंबई ते लंडनच घ्या. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला की सर्वांत जवळची वाट कळते. हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी साधारण ८५० किलोमीटर धरला, तर साडेआठ तास झाले. समोरचा वारा, वळसे, चढणं-उतरणं यांचा तास-दीड तास त्यात मिळवायचा.

तिकिटावर मात्र त्या त्या ठिकाणची वेळ छापलेली असते. समजा, जूनमध्ये मुंबईहून दुपारी १ वाजता निघून लंडनला संध्याकाळी ६ वाजता पोचायचं आहे. दिसतात पाचच तास. पण उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे खरा प्रवास साडेनऊ तासांचा!

मधुमेह, रक्तदाब असणाऱ्या बायकांना हे कळायलाच हवं. पाच तास समजून गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या, तर वर आभाळात कोण आणून देणार? औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिनच्या वेळा आधीच डॉक्टरांना विचारा. घर ते विमानतळ हा प्रवास आणि तिथे तीन तास आधी पोचणं, तेही धरा.

वाण्याचा, दूधवाल्याचा हिशोब आपण चोख ठेवतोच की. मग हाही आपणच ठेवूया!