कुणाकडे उतरलात?

परगावाहून आलेल्या माणसाला मराठीत 'कुठे उतरलात' यापेक्षा 'कुणाकडे उतरलात' हा प्रश्न आधी विचारला जातो, आणि त्यातल्या 'कडे' या शब्दयोगी अव्ययात शहरात त्याचे कोणीतरी असणारच हे गृहीत धरलेले असते. जो माणूस त्याच शहरात लहानाचा मोठा झाला, पुढे दूर गेला आणि पंचवीस-तीस वर्षांनी परतून पंचतारांकित हॉटेलात मुक्काम करतो, त्याच्यापाशी या प्रश्नाचे सरळ उत्तर नसते. नातेवाइकांच्या मनाला हे लागते. तथापि या निवडीमागे श्रीमंतीचा तोरा क्वचितच असतो आणि जागेचा हिशेब जवळजवळ नेहमीच असतो. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, वरळी, भायखळा या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात, हा हिशेब विशेष स्पष्टपणे मांडलेला दिसतो.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत, हे सर्वश्रुत आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक 'म्हाडा' या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. 2001 च्या दुरुस्तीने मात्र ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. उद्याने आणि स्वस्त घरे यांच्याऐवजी मनोरे, मॉल आणि हॉटेले का उभी राहिली, याचे बरेचसे उत्तर या एका दुरुस्तीत आहे.

लोअर परळमधील फिनिक्स मिल हे त्याचे ठळक उदाहरण होय. 1905 साली स्थापन झालेल्या या गिरणीच्या आवारात आता मॉल असून, त्याच आवारातील उंच हॉटेल 2012 मध्ये शांग्री-ला या नावाने सुरू झाले, पुढल्या वर्षी पॅलेडियम झाले आणि 2015 पासून सेंट रेजिस म्हणून ओळखले जाते. बटलर, म्हणजे पाहुण्याची बॅग उघडून कपडे लावून देण्यापासून सकाळचा चहा आणून देण्यापर्यंतची कामे करणारा खास सेवक, ही या हॉटेलसाखळीची जुनी ओळख आहे. या साखळीची सुरुवात 1904 साली न्यूयॉर्कमध्ये झाली, त्यामुळे वयाने ती फिनिक्स मिलहून जेमतेम वर्षभराने मोठी ठरते.

अशा हॉटेलात उतरलेल्या गिरणगावकराला आपण परक्या जगात आलो असे वाटणे स्वाभाविक असले, तरी इतिहास पाहता गिरणगाव स्वतःच मुक्कामाचे ठिकाण होते. कोकणातून, साताऱ्याकडून किंवा घाटावरून आलेला कामगार बायकामुलांना बहुधा गावीच ठेवी आणि मुंबईत गाळ्यात, म्हणजे अनेक पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत राही. काही खोल्या तर एकेका गावच्या मंडळाच्या असत. गावचा माणूस दरमहा ठरलेले पैसे भरून तिथे पथारी टाके. रात्रपाळीचा माणूस परते तेव्हा दिवसपाळीचा निघालेला असे, त्यामुळे एकाची वळकटी गुंडाळली जाई तिथेच दुसऱ्याची पसरली जाई, पेटी फळीवर राही आणि जेवण खानावळीत होई. तीच जागा पाळीपाळीने वेगवेगळ्या माणसांना निजायला देणे हे हॉटेलधंद्याचेही मूळ तत्त्व आहे. फरक पडला तो चादर कोण बदलतो याचा, आणि अर्थातच दराचा. मुंबईतल्या या जागेला कामगार 'खोली' किंवा 'बिऱ्हाड' म्हणत आणि 'घर' हा शब्द गावासाठी राखून ठेवत. मुंबईलाच घर म्हणणारी पिढी चाळीत जन्मली, आणि नेमक्या तिच्याच वाट्याला शहर कायमचे सोडणे आले, कारण पागडीची खोली, म्हणजे एकरकमी मोबदला देऊन मिळवलेला आणि नाममात्र भाड्यावर टिकणारा भाडेहक्क, एकदा दुसऱ्याच्या नावावर झाली की तिथे परतण्याचा मार्ग उरत नसे. डोंबिवली, विरार किंवा त्याहून दूरच्या देशांकडे गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हेच घडले.

हॉटेल या परतलेल्या माणसाला जे दाखवते, ते त्याने इथे राहत असताना कधीच पाहिलेले नसते. चाळीतून शहर समोरच्या गॅलरीच्या उंचीवर दिसे, हॉटेलातून ते वरून दिसते: रेल्वेचे रूळ, अधूनमधून उरलेली कौले आणि मॉलच्या गर्दीत शोभेपुरती उभी असलेली गिरणीची चिमणी. खोलीची खिडकी मात्र बहुधा उघडत नाही. ज्या भागात पाळीच्या भोंग्यावर घड्याळे लावली जात, तिथे आता वातानुकूलन यंत्राची बारीक घरघर तेवढी ऐकू येते. खाली कोणी नावाने हाक मारली, तरी ती जाड काचेपलीकडेच राहील.

परतणारा परदेशी नागरिक झाला असेल, तर त्याच्या मुक्कामाची माहिती हॉटेलला 24 तासांच्या आत ठरावीक नमुन्यात सरकारला कळवावी लागते. जन्माने मुंबईकर असलेल्या माणसालाही त्यात भारतातील पत्ता सांगावा लागतो. ज्याची खोली विकली गेली आणि ज्याचे नातेवाईक पांगले, त्याला त्या रकान्यासाठी हॉटेलचाच पत्ता सोयीचा पडतो. तो पत्ता 462, सेनापती बापट मार्ग असा आहे. फिनिक्स मिल कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ताही तोच आहे.