अमावास्येचे मल्ल

कॅपकॉम या ओसाकाच्या कंपनीनं १९९३ पासून आर्केडसाठी जे सीपीएस-२ नावाचं हार्डवेअर बाजारात आणलं, त्याच्या बोर्डावर एक बॅटरी होती. खेळाचा प्रोग्राम कुलूपबंद सांकेतिक रूपात साठवलेला असे आणि ते कुलूप उघडणारी किल्ली बॅटरीच्या विजेवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत. काही वर्षांनी बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची. मशीन चालू केलं की पडद्यावर नुसता एकाच रंगाचा चौकोन. बोर्ड धडधाकट, चिपा शाबूत, पण खेळ मेलेला. शौकीन या प्रकाराला बॅटरीची ‘आत्महत्या’ म्हणतात. ‘स्ट्रीट फायटर २’च्या बनावट आवृत्त्यांनी जगभर धुमाकूळ घातला होता, त्यावर कंपनीनं काढलेला हा जालीम उपाय.

याच बोर्डावर जुलै १९९४ मध्ये एक खेळ आला, ज्यातले बरेच लढवय्ये आधीच मेलेले होते किंवा धड जिवंत नव्हते. जपानमध्ये त्याचं नाव ‘व्हॅम्पायर’, बाकी जगात ‘डार्कस्टॉकर्स’. रक्तपिपासू उमराव, लांडगामाणूस, ममी, प्रेतांचे तुकडे जोडून बनवलेला राक्षस, मेलेला रॉकगायक, शापित चिलखत. या मालिकेचे आर्केडमध्ये पाच खेळ निघाले आणि १९९७ नंतर एकही नवा निघाला नाही. लोकप्रियतेत ती ‘स्ट्रीट फायटर’च्या पासंगालाही पुरली नाही. तरी माझं म्हणणं असं की, कॅपकॉमच्या पुढच्या दहा वर्षांच्या लढतींच्या खेळांत जे जे चांगलं आहे, त्यातलं बरंचसं या भुतांच्या तालमीत तयार झालेलं आहे.

त्या वेळचा बाजार आधी पाहायला हवा. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’नं दोन माणसांनी शेजारी उभं राहून एकमेकांना बडवण्याला धंद्याचं रूप दिलं. १९९४ उजाडेपर्यंत कॅपकॉमनं त्याच खेळाच्या इतक्या सुधारित आवृत्त्या काढल्या होत्या की पाचव्या आवृत्तीच्या नावात ‘सुपर’ आणि ‘टर्बो’ दोन्ही घालावं लागलं. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत ‘मुस्तफा’ म्हणून गाजलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ही याच कंपनीचा, १९९३ चा. पैसा होता, चित्रकार होते, हार्डवेअर ताजं होतं. अडचण एकच. कराटेवाला, मुष्टियोद्धा, कुस्तीगीर हे सगळे वापरून झाले होते.

मग भुतं आली. ती कुठून आली हे लपवायचा कंपनीनं फारसा प्रयत्नही केलेला नाही. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओनं १९३१ मध्ये ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’, १९३२ मध्ये ‘द ममी’, १९४१ मध्ये ‘द वुल्फ मॅन’ आणि १९५४ मध्ये ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ काढला. खेळातले डेमिट्री, व्हिक्टर, अनाकारिस, जॉन टॅल्बेन आणि रिकुओ या पाच चित्रपटांशेजारी उभे केले तर ओळख पटवायला वेळ लागत नाही. ‘वुल्फ मॅन’च्या नायकाचं आडनाव टॅल्बट होतं, हे कळल्यावर तर उरलासुरला संशयही जातो. पण उसनवारी इथेच संपते. हा लांडगामाणूस नुनचाकू फिरवतो आणि त्याची उभं राहायची ढब थेट ब्रूस लीची आहे. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमधला मत्स्यमानव, कॅनडाच्या बर्फातला केसाळ सॅस्क्वाच, लास व्हेगासच्या रंगमंचाची स्वप्नं पाहणारी मार्जारकन्या फेलिशिया, स्कॉटलंडच्या वाड्यात कंटाळलेली मॉरिगन असा जगभरचा गोतावळा जमवलेला आहे. जपानतर्फे उतरतो बिशामोन, एका पछाडलेल्या चिलखताच्या ताब्यात गेलेला सामुराई. त्याचं नाव ज्या बिशामोनतेन या युद्धदेवतेवरून आलं, ती म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेला आपला वैश्रवण, अर्थात कुबेर. धनत्रयोदशीला आपण ज्याची पूजा करतो तो तिकडे भाला घेऊन उभा असतो, ही गंमत दिवाळी अंकात सांगायलाच हवी.

खरी क्रांती मात्र पात्रांत नव्हती, चित्रांत होती. ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये र्‍यू ठोसा मारतो तेव्हा त्याच्या हाताची लांबी माणसाच्या हाताएवढीच असावी लागते. फार ताणता येत नाही. व्हिक्टर ठोसा मारतो तेव्हा त्याची मूठ त्याच्या अंगाहून मोठी होते, त्यात वीज कडाडते आणि पुढच्या क्षणी ती पुन्हा मूळ आकाराला येते. मॉरिगनच्या पाठीवरचे वटवाघळाचे पंख गरजेप्रमाणे भाले होतात, पाती होतात. मेलेला रॉकवाला लॉर्ड रॅप्टर हाताची करवत करतो. ममी अनाकारिस तर शरीर ही कल्पनाच मानत नाही. त्याचे अवयव ताणले जातात, सुटे होतात, शवपेट्या आकाशातून कोसळतात, समोरच्यानं फेकलेलं अस्त्र तो गिळतो आणि परत सोडतो. चित्रकाराला शरीरशास्त्रातून सुट्टी मिळाली होती आणि त्यानं ती पुरेपूर वसूल केली.

हे सगळं हातानं काढलेलं, एकेक चित्र, एकेक हालचाल. शिवाय मार खाणाऱ्याचीही चित्रं हवीत. विजेचा झटका बसला की वेगळं, गोठलं की वेगळं, बिशामोनच्या तलवारीनं दोन तुकडे झाले की वेगळं, आणि तुकडे पुन्हा जुळून उभं राहायला आणखी वेगळं. अनाकारिसचा शाप लागला की समोरचा क्षुद्र, हास्यास्पद रूपात बदलतो. ते रूप प्रत्येक पात्रासाठी स्वतंत्र. म्हणजे पात्र एक वाढवलं की कामाचा डोंगर वाढला. अमेरिकी कार्टूनमधलं ताणणं-चेपणं आणि जपानी अ‍ॅनिमेची सपाट, तेजस्वी रंगसंगती यांचा असा मेळ लढतींच्या खेळात त्याआधी मी पाहिलेला नाही. भीती वाटावी असा यात एकही क्षण नाही, हेही नोंदवतो. हा भयपट नव्हे, भुतांचा तमाशा आहे. गण-गवळण नाही, थेट वगच.

खेळाच्या यंत्रणेतही बरंच नवं होतं. हवेत असताना बचाव करता येणं, बसल्या बसल्या सरकता येणं, हलक्या फटक्यातून मध्यम आणि मध्यमातून जड फटका साखळीसारखा काढता येणं, खास डावाची जास्त ताकदवान आवृत्ती वापरता येणं. साखळीच्या या सोयीनं नवशिक्यालाही दोन-चार फटके जोडून दाखवता येऊ लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कॅपकॉमनं ‘एक्स-मेन: चिल्ड्रन ऑफ द अ‍ॅटम’ काढला, त्यात हवेतला बचाव आणि साखळी आहेच. तिथून पुढे ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ आणि १९९८ चा ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’. दुसरी फांदी १९९५ च्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा’कडे गेली. र्‍यू आणि केन त्यात अचानक अ‍ॅनिमेतले दिसू लागले, ते या भुतांच्या शेजारी राहूनच.

१९९५ चा दुसरा खेळ, जपानमधला ‘व्हॅम्पायर हंटर’, घाईत आलेला पण शहाणा भाग आहे. पहिल्या खेळात खास शक्तीची पट्टी भरली की लगेच ओसरू लागायची. इथे ती साठवता येऊ लागली. पहिल्यातले दोन खलनायक, परग्रहावरचा अग्निपुरुष पायरॉन आणि मेक्सिकोतला प्राचीन यंत्रमानव ह्युत्झिल, खेळाडूच्या हाती आले. दोन नवी पात्रं आली. डोनोव्हन हा अर्धा रक्तपिपासू संन्यासी. दुसरी, चिनी लोककथांतल्या उड्या मारत चालणाऱ्या प्रेतांच्या जातीची. हाँगकाँगच्या १९८५ च्या ‘मिस्टर व्हॅम्पायर’ या चित्रपटानंतर या प्रेतांचं वेड जपानमध्ये पसरलं होतं. शिएन-को (जपानमध्ये लेई-लेई) ही त्या वेडाची मुलगी. तिच्या टोपीवर चिकटवलेला मंतरलेला कागद म्हणजे तिची बहीण. दोघी मिळून एक लढवय्यी, आणि बाह्यांतून ती काय काय बाहेर काढून फेकेल याचा नेम नाही.

मे १९९७ मध्ये आलेला ‘व्हॅम्पायर सेव्हिअर’ हा मालिकेचा कळस. फेऱ्यांची पद्धतच मोडली. एरवी एक फेरी संपली की दोघांचीही पट्टी पुन्हा भरते. इथे हरलेला पडला की लगेच उठून भिडतो आणि जिंकलेल्याची ताकद जेवढी उरली तेवढीच राहते. ही कल्पना १९९४ च्या ‘किलर इन्स्टिंक्ट’मध्ये आधी येऊन गेली होती, तेव्हा श्रेय सगळं कॅपकॉमला देऊ नये. पण इथे खाल्लेल्या माराचा काही भाग थोडा वेळ टिकून राहिल्यास भरून येतो. त्यामुळे समोरच्यानं दम घ्यायचा नाही आणि तुम्हीही घेऊ द्यायचा नाही. शिवाय प्रत्येकाचं पुढे झेपावणं निराळं. कुणी धावतं, कुणी उडतं, सॅस्क्वाच टुणकन उडी मारतो. वेग इतका की बाजूला उभं राहून बघणाऱ्याला काही क्षण नुसती रंगांची झटापट दिसते.

नवे चौघे आले: मृत्यूचा अधिपती जेडा, मॉरिगनच्याच शक्तीचा तुटून निघालेला अंश असलेली लिलिथ, मधमाशी क्यू-बी, आणि बी. बी. हूड. ही शेवटची म्हणजे परीकथेतली लाल टोपीवाली मुलगी. निळे डोळे, हातात टोपली, जोडीला कुत्रा. टोपलीत बंदूक. भुतांना मारून पैसे मिळवणारी ही पोर पूर्णपणे माणूस आहे आणि सगळ्या मालिकेत तिच्याइतकं निर्दय कुणी नाही. जेडा विश्व गिळायला निघालाय तरी त्याच्याकडे निदान एक तत्त्वज्ञान आहे. हिच्याकडे फक्त दरपत्रक आहे. माझ्या मते व्हिडिओ गेमच्या इतिहासातल्या सर्वांत चतुर पात्ररचनांपैकी ही एक.

सप्टेंबर १९९७ मध्ये जपानपुरते ‘हंटर २’ आणि ‘सेव्हिअर २’ आले. नावं नवी, माल जुना. ‘सेव्हिअर’च्याच यंत्रणेत पात्रांची अदलाबदल केलेली. डोनोव्हन, ह्युत्झिल आणि पायरॉन यांना ‘सेव्हिअर’मधून वगळलं होतं, त्यांना परत घेताना ‘सेव्हिअर २’मधून टॅल्बेन, रिकुओ आणि सॅस्क्वाचला बाहेर काढलं. इथे मालिकेचा श्वास अडकला.

कारणं दोन. एक, चित्रांची श्रीमंती घरात मावत नव्हती. पहिल्या खेळाची प्लेस्टेशन आवृत्ती सिग्नोसिस या कंपनीनं केली, ती १९९६ मध्ये आली आणि मेमरीच्या तंगीत हालचालींची चित्रं गळाली. ‘सेव्हिअर’ सेगा सॅटर्नवर १९९८ मध्ये नीट उतरला, पण चार मेगाबाइट मेमरीचं वेगळं कार्ट्रिज लावल्यावर, आणि फक्त जपानमध्ये. दोन, १९९३ च्या अखेरीस ‘व्हर्च्युआ फायटर’ आणि पुढच्या वर्षी ‘टेक्केन’ आल्यावर लोकांची नजर त्रिमितीकडे वळली होती. कष्टानं रंगवलेली चित्रं जुनाट ठरली. दूरदर्शन संचावरही नशीब फळलं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत तेरा भागांची कार्टून मालिका निघाली. तिच्यात हॅरी ग्रिमॉयर नावाचा एक जादूगार पोरगा घुसवला आणि भुतांना शनिवार सकाळच्या उपदेशाला बसवलं. ती विसरलेलीच बरी. मॅडहाउस स्टुडिओनं १९९७-९८ मध्ये केलेले चार जपानी भाग मात्र देखणे आहेत.

मग सुरू झाला अवयवदानाचा काळ. मॉरिगन जिथे तिथे पाहुणी. १९९६ च्या ‘पझल फायटर’मध्ये, ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’मध्ये, २००० च्या ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके’मध्ये. या शेवटच्या खेळात बऱ्याच जणांची चित्रं नवी आणि तिची तीच, १९९४ च्या घडणीची. शेजारी उभी राहिली की वेगळ्या कापडाचं ठिगळ दिसतं. २००४ च्या ‘कॅपकॉम फायटिंग जॅम’मध्ये तर डेमिट्री, फेलिशिया, अनाकारिस, जेडा सगळेच जुन्या चित्रांसकट उचलून आणले. कंपनीनं आपल्याच घरात व्हिक्टर शिवला. मॉरिगनला एवढी मागणी का, याचं उत्तर तिच्या कपड्यांत बऱ्याच अंशी आहे आणि त्याबद्दल सोवळं बोलण्यात अर्थ नाही. तोटा असा झाला की भित्तिपत्रकावरची ती एकटी म्हणजेच मालिका, असा समज पक्का झाला. एकट्या अनाकारिसला कोण पाहुणा बोलावणार?

२०१२ मध्ये योशिनोरी ओनो या निर्मात्यानं ‘डार्कस्टॉकर्स मेलेले नाहीत’ अशा आशयाची झलक दाखवली. २०१३ मध्ये दुसरा आणि तिसरा खेळ एकत्र करून ‘डार्कस्टॉकर्स रिझरेक्शन’ निघाला. काम शिकागोच्या आयर्न गॅलेक्सीचं, इंटरनेटवरून खेळायची सोय उत्तम. खप मात्र कंपनीच्या अपेक्षेएवढा झाला नाही आणि नव्या खेळाची गोष्ट तिथेच बारगळली. मधल्या काळात हौशी तंत्रज्ञांनी सीपीएस-२ चं कुलूप मात्र फोडलं होतं. २००१ मध्ये पहिली भेग पडली, २००७ मध्ये संकेताची पूर्ण रीत उलगडली. बॅटरी संपून मेलेले बोर्ड या कामातून पुन्हा चालू करता येऊ लागले.

जून २०२२ मध्ये ‘कॅपकॉम फायटिंग कलेक्शन’ आला. त्यात पाचही खेळ आहेत, ‘हंटर २’ आणि ‘सेव्हिअर २’ धरून, आणि ते हल्लीच्या कॉम्प्युटरवर चालतात. घरात कुणी सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल तर त्याच्याकडून उतरवून घ्या. सुरुवात १९९४ च्या पहिल्या खेळापासून करा, आणि मॉरिगन घेऊ नका. अनाकारिस घ्या, समोर व्हिक्टर ठेवा. हराल, पण हरताना पडद्यावर काय काय काढलंय ते नीट बघा.